कुत्र्यांचा कॅन्सर आणि माणसांचा: कोण कोणाकडून शिकतंय?

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९.४०

आमच्या रॉटवायलरला, भैरूला, पुढच्या उजव्या पायात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर असावा असं एक्स-रेवरून सांगितलंय. वय सात. बायोप्सी व्हायचीय. डॉक्टरांनी पाय काढायचा सल्ला दिलाय. धागा सहानुभूतीसाठी काढत नाहीये (मिळाली तर नको म्हणणार नाही). वाचत बसले तेव्हा कळलं की शाळकरी मुलांना होणारा हाडाचा कॅन्सर आणि हा, जवळजवळ एकच आजार आहे. दोन्हीकडचे डॉक्टर गेली चाळीसेक वर्षं एकमेकांच्या रुग्णांकडे बघून औषधं ठरवत आलेत. आपल्याकडे कोणी याबद्दल बोलताना ऐकलं नाही, म्हणून इथे मांडते.

माणसांत हा बहुतेक दहा ते वीस वयात होतो. उंची झपाट्याने वाढायच्या काळात, सहसा गुडघ्याच्या आसपास. कुत्र्यांत तो थोराड जातींना होतो: रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, आयरिश वुल्फहाउंड. जागा मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ. कोपरापाशी क्वचितच. काचपट्टीवर दोघांच्या पेशी सारख्याच दिसतात, टीपी५३ नावाच्या जनुकातला बिघाड दोघांत सापडतो आणि दोघांतही तो पसरतो तो फुफ्फुसांत. अमेरिकेत वर्षाला हजाराच्या आत-बाहेर माणसांना हा होतो, कुत्र्यांना मात्र दहा हजारांहून जास्त. मुलांमध्ये नवं औषध लागू पडलं का हे कळायला पाच-सात वर्षं जातात, कुत्र्यांत वर्ष-दीड वर्षात कळतं. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ पासून यासाठी वेगळा विभागच काढलाय. घरचे पाळीव कुत्रे, मालकाची लेखी संमती, आणि अनेक पशुवैद्यकीय विद्यापीठांत एकाच पद्धतीने उपचार.

प्रश्न दोन. एक, यातलं नाशिकमध्ये बसून आपल्या हाती काही आहे का? दोन, पाय काढून पुढे किमो करावी का?

---

टिटवी | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, भैरूला बरं वाटो. एक भाबडा प्रश्न. प्रयोग उंदरांवर करतात ना? मग कुत्रे कशाला?

---

पशुवैद्य_म्हसरूळ | मंगळवार, रात्री ११.२०

टिटवी, प्रश्न भाबडा नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराला कॅन्सर आपण देतो. बऱ्याचदा त्याची प्रतिकारशक्ती आधीच काढून घेतलेली असते, म्हणजे माणसाच्या पेशी त्याच्यात रुजाव्यात. सगळे उंदीर एकाच वाणाचे, एकाच पिंजऱ्यातले. कुत्र्याला कॅन्सर आपोआप होतो, वय झाल्यावर होतो, तोच धूर, तीच धूळ, तेच पाणी घेऊन होतो. प्रतिकारशक्ती शाबूत असते, गाठ आत वर्षभर तिच्याशी झुंजत असते. त्यात २००५ मध्ये कुत्र्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, छापून आला (बॉक्सर जातीची एक मादी होती), तेव्हापासून कोणत्या जनुकात काय बिघडलं हे माणसाच्या शेजारी ठेवून बघता येतं.

गोदाकाठची, आता तुमच्या भैरूकडे येतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पहिलं, छातीचा एक्स-रे झालाय का? तीन बाजूंनी काढायला सांगा. फुफ्फुसं स्वच्छ दिसली तरी नव्वद टक्के कुत्र्यांमध्ये निदानाच्या वेळीच बारीक पेशी तिकडे पोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसत नाहीत इतकंच. म्हणून नुसता पाय काढला तर सर्वसाधारणपणे चार-पाच महिने मिळतात. वर कार्बोप्लॅटिनसारखी किमो दिली तर दहा-बारा महिने. दोन वर्षं गाठणारे पाचात एक, तेही कमीच. मग पाय काढायचाच कशाला, असं मालक विचारतात. कारण तो पाय दुखतोय. हाड आतून पोखरलेलं असतं, पायरी उतरताना मोडू शकतं. तीन पायांवर कुत्रा महिन्याच्या आत पळायला लागतो, हे मी बघितलंय. नंतर आरशात बघून रडत बसतो तो आपण, कुत्रा नाही.

दुसरं, घरातली आयब्युप्रोफेन किंवा तसली गोळी चुकूनही देऊ नका. माणसाला चालते ती मात्रा कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी आहेत, तुमचे डॉक्टर लिहून देतील.

---

सिडकोवाला | बुधवार, सकाळी ८.१५

वाचून गंमत वाटली. इथे सरकारी दवाखान्यात माणसाला सोनोग्राफीची तारीख मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याला किमो देताय. पैसा आहे, करा. पण त्याला 'मानवजातीसाठी संशोधन' वगैरे मुलामा कशाला?

---

अबोली२ | बुधवार, दुपारी १.३०

सिडकोवाला दादा, माझ्या मुलाला नववीत असताना हाच आजार झाला होता. डाव्या गुडघ्याच्या वर. आता तो बावीसचा आहे, एका पायात धातूचा सांधा आहे आणि सातपूरला नोकरी करतो. म्हणून दोन शब्द लिहिते.

त्याच्या उपचारासाठी आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचो. तिथे मला पहिल्यांदा कळलं की पूर्वी या आजारात सरसकट पाय कापायचे. सांधा बदलून पाय वाचवायच्या शस्त्रक्रियेचा बराचसा सराव कुत्र्यांवर झालाय. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात स्टीफन विथ्रो नावाचे पशुवैद्य होते, त्यांनी १९८०च्या दशकात कॅन्सर झालेल्या पाळीव कुत्र्यांचे पाय वाचवायला सुरुवात केली आणि माणसांचे हाडांचे सर्जन त्यांच्याबरोबर बसून शिकले. माझ्या मुलाच्या सर्जनने हे सांगितलं नव्हतं, मी नंतर वाचलं. वाचलं तेव्हा मला मुलामा वाटला नाही.

आणि दादा, सोनोग्राफीची तारीख कुत्र्यामुळे अडलेली नाही.

---

टिटवी | बुधवार, दुपारी १.५२

अबोलीताई, +१

---

पशुवैद्य_म्हसरूळ | बुधवार, रात्री १०.४५

अबोलीताईंनी विषय काढलाच आहे तर त्यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट सांगतो. पाय वाचवायच्या या शस्त्रक्रियेत गाठीचं हाड काढून जागी दुसऱ्या कुत्र्याचं हाड बसवायचे. त्यात पुष्कळदा जंतुसंसर्ग व्हायचा, जखम महिनोन्महिने वाहायची. सर्जनच्या दृष्टीने ही नाचक्की. पण हिशेब मांडला तेव्हा दिसलं की संसर्ग झालेले कुत्रे न झालेल्यांपेक्षा जास्त जगले! पू झाल्यामुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती फुफ्फुसातल्या पेशींवरही तुटून पडत असावी.

ही कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९१ पासून सार्कोमाच्या (हाड, स्नायू अशा भागांतला कॅन्सर) रुग्णांना मुद्दाम जंतू टोचत होते. विस्कॉन्सिनमधल्या पशुवैद्यांनी दुसरा रस्ता धरला. जंतूच्या भिंतीतल्या एका घटकाची कृत्रिम नक्कल चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरून, पाय काढलेल्या कुत्र्यांना टोचली. नुसत्या रिकाम्या कुप्या दिलेले कुत्रे मध्यममानाने ७७ दिवस जगले, औषध दिलेले २२२ दिवस. हे छापून आलं १९८९ मध्ये. तेच औषध, मिफामुर्टाइड, पुढे मुलांना किमोबरोबर दिलं गेलं. सहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ७० वरून ७८ टक्क्यांवर गेलं असा अहवाल २००८ मध्ये आला, आणि २००९ मध्ये युरोपने त्याला मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मात्र तो पुरावा पुरेसा वाटला नाही, तिथे आजही मान्यता नाही. म्हणजे कुत्र्यांत यश आलं की पुढे सगळं सुरळीत, असं नसतं.

---

सिडकोवाला | बुधवार, रात्री ११.३०

अबोलीताई, तुमच्या मुलाचं ऐकून आनंद झाला. टोमणा मागे घेतो, शंका मात्र मागे घेत नाही.

मीही थोडं वाचलं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी डॉनल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. त्यांचं आधीचं कितीतरी काम कुत्र्यांवर आहे. पण ते आजारी पाळीव कुत्रे नव्हते, प्रयोगशाळेतले निरोगी कुत्रे होते. त्यांना मारक किरणांचा डोस देऊन मग मज्जा भरायचे. त्यांची संमती कोणी घेतली? 'मालकाची लेखी संमती' हा प्रकार अलीकडचा. तो इतिहास सोडून फक्त गोड भाग सांगू नका.

दुसरं. कुत्र्यांच्या चाचणीत 'किती दिवस जगला' मोजतात. पण कुत्रा मरतो कधी? बऱ्याचदा मालक इंजेक्शन द्यायला हो म्हणतो तेव्हा. कोणाचे पैसे संपले, कोणाला बघवेना, कोणाची बदली झाली. मग तो आकडा औषधाचा की मालकाचा?

---

पशुवैद्य_म्हसरूळ | गुरुवार, सकाळी ७.१०

दोन्ही मुद्दे बिनतोड. दुसऱ्यावर इतकंच सांगतो, म्हणूनच चांगल्या चाचण्यांत एकूण आयुष्याबरोबर 'गाठ पुन्हा दिसेपर्यंतचा काळ' वेगळा मोजतात. तो मालकाच्या निर्णयावर तितका अवलंबून नसतो. आणि फसलेल्या चाचण्याही छापतात. सिरोलिमस या औषधाबद्दल उंदरांवरून फार आशा होती. तीनशेहून जास्त ऑस्टिओसार्कोमाच्या कुत्र्यांत, पाय काढून किमो झाल्यावर ते देऊन बघितलं. काही फरक पडला नाही. निकाल २०२१ मध्ये जाहीर केला. मला विचाराल तर तुलनेचा खरा उपयोग इथे आहे. कुत्र्यांत नाही चाललं हे कळण्याची किंमत, मुलांच्या चाचणीतली पाच वर्षं घालवून तेच कळण्यापेक्षा पुष्कळ कमी.

उलट दिशेनेही जातं. रॅबाकफोसाडीन नावाचं औषध माणसांच्या लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) बनवलं, कुत्र्यांवर बघितलं, माणसांत पुढे गेलं नाही. पण कुत्र्यांच्या लिम्फोमासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली.

---

निफाडकर | गुरुवार, दुपारी ३.००

नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, द्राक्षबाग आहे. धागा वाचून विचारावंसं वाटलं. आमच्याकडं बागेत राखणीला कुत्री आहे, गावठीच, नऊ-दहा वर्षांची. तिच्या मागच्या दोन सडांत गाठी झाल्यात, एक लिंबाएवढी. पिल्लं तिला दोन-तीनदा झालीत. आणि दुसरं असं की आम्ही छाटणीपासून फवारण्या करतो. पंप उतरवला की पहिली तीच येते, पाय चाटते, पानावरनं लोळते. औषधानं झालं असंल का हे? आम्ही पण तेच श्वासात घेतोय राव.

---

पशुवैद्य_म्हसरूळ | गुरुवार, रात्री १०.३०

निफाडकर, तुमचे प्रश्न दोन आहेत, वेगवेगळे करतो.

सडांच्या गाठी. नसबंदी न केलेल्या मादीला हा आजार सर्रास होतो. साधारण निम्म्या गाठी साध्या निघतात, निम्म्या कॅन्सरच्या. हाताने चाचपून कुठली कशी हे मलाही सांगता येत नाही. यात पहिला हात स्त्रीबीजांडातल्या संप्रेरकांचा. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांची बीजांडं काढून गाठी आक्रसल्याचं दाखवलं होतं. कुत्र्यांत तेच १९६९ च्या एका अभ्यासात दिसलं. पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर धोका न केलेल्या मादीच्या अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के, दोन माजांनंतर सव्वीस टक्के. हे आकडे पन्नास वर्षं सगळे पशुवैद्य मंत्रासारखे म्हणतात. २०१२ मध्ये कोणी सगळे अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं म्हणाले. दिशा तीच, आकडे डोळे झाकून घेऊ नयेत.

(अवांतर, गोदाकाठची यांच्यासाठी: रॉटवायलरमध्ये उलटी गंमत आहे. वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांना हाडाचा कॅन्सर जास्त होतो असं २००२ च्या अभ्यासात आलं. एकच नियम सगळ्या जातींना लावता येत नाही. भैरूच्या बाबतीत आता त्याचा विचार करून उपयोग नाही.)

फवारणी. तुमच्या कुत्रीच्या सडांच्या गाठी औषधाने झाल्या असं मी म्हणणार नाही, तसा आधार नाही. पण तुमची शंका अस्थानी नाही, फक्त अवयव वेगळा. मूत्राशय. जे अंगात शिरतं ते लघवीतून बाहेर पडण्याआधी तिथे साठून राहतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने स्कॉटिश टेरियर बघितले, या जातीला मूत्राशयाचा कॅन्सर इतर कुत्र्यांच्या अठरा-वीसपट होतो. तणनाशक मारलेल्या हिरवळीवर वावरणाऱ्या टेरियरांत तो आणखी जास्त सापडला, २००४ ची गोष्ट. आणि जे आठवड्यातून तीनदा तरी पालेभाज्या किंवा गाजरासारखं काही खात होते त्यांच्यात कमी. याच कॅन्सरमध्ये बहुतांश कुत्र्यांत बीराफ जनुकात एक ठरावीक बदल सापडतो, माणसाच्या मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, असतो तोच. आता लघवीच्या नमुन्यात तो शोधायची चाचणीही निघालीय.

त्याहून जुनं उदाहरण हवं तर १९३८ चं. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होत होता. विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमीन हे रसायन कुत्र्यांना देऊन तोच कॅन्सर होतो हे दाखवलं. तेही प्रयोगशाळेतलेच कुत्रे, सिडकोवाला, तुमची नोंद मान्य.

निफाडकर, आता एवढं करा: फवारणीच्या दिवशी कुत्रीला बांधून ठेवा, पानं वाळेपर्यंत सोडू नका. आणि मास्क, हातमोजे तुम्हीही घाला. गाठी काढून घ्या, मोठ्या होईपर्यंत थांबू नका. त्याआधी छातीचा एक्स-रे.

---

वणीवाला | शुक्रवार, सकाळी ९.००

शहरात मोकाट कुत्र्यांनी उच्छाद मांडलाय, पंचवटीत रात्री गाडी चालवायची सोय नाही आणि इथे

*[उरलेला प्रतिसाद काढला आहे. मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्तावर आधीच तीन धागे चालू आहेत, तिकडे लिहावे. — संपादक]*

---

काचपट्टी | शुक्रवार, सकाळी ११.१५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, जास्त माणसांचे नमुने आणि अधूनमधून प्राण्यांचे. वणीवाला यांचा प्रतिसाद उडाला तरी मोकाट कुत्र्यांचा विषय या धाग्यात हवाच, वेगळ्या कारणाने.

जगातला सगळ्यात जुना जिवंत कॅन्सर आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांत आहे. टीव्हीटी म्हणतात पशुवैद्य. मीलनातून पसरतो. म्हणजे विषाणू पसरत नाही, कॅन्सरची पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. जनुकं तपासल्यावर कळलं की जगभरच्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींच्या आहेत. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याच्या पेशी अजून जगतायत. नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने १८७६ मध्ये ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रोवून दाखवली. कॅन्सर एका प्राण्यातून दुसऱ्यात नेण्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग मानतात.

आणि हा कॅन्सर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. व्हिनक्रिस्टीनची आठवड्याला एक अशी चार-सहा इंजेक्शनं. व्हिनक्रिस्टीन म्हणजे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतलं औषध, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात तेच. गाठ आक्रसायला लागली की कुत्र्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी तिच्यात घुसून बाकीचं काम करतात. हजारो वर्षं लपून राहिलेली गाठ प्रतिकारशक्तीला एकाएकी दिसायला कशी लागते, हे नीट उलगडलं तर माणसाच्या इम्युनोथेरपीवाल्यांना (प्रतिकारशक्ती जागवून कॅन्सर बरा करू बघणाऱ्यांना) हवंच आहे.

---

टिटवी | शुक्रवार, सकाळी ११.२८

बापरे. माणसाला लागतो का हो तो?

---

काचपट्टी | शुक्रवार, सकाळी ११.४०

नाही. कुत्र्यातून कुत्र्यातच. तुमच्या गल्लीतल्या मादीला माज नसताना खालून रक्त येत असेल तर 'माजावर आलीय' म्हणून सोडून देऊ नका, इतकंच.

आता माझं मूळ दुखणं. आपल्याकडे कुत्र्याची गाठ काढली की बादलीत जाते. मालक म्हणतो, काढली ना, मग कशाला तपासायची. डॉक्टरही जास्त ताणत नाहीत, कारण तपासणीचा खर्च मालकाला सांगायचा कोणी. परदेशात गोल्डन रिट्रीव्हरच्या तीन हजारांवर कुत्र्यांचा जन्मभर पाठपुरावा चाललाय, खाणं, पाणी, फवारे, सगळं लिहून. आपल्याकडे नुसती कोणती गाठ कोणाला झाली हेही लिहिलं जात नाही. गोदाकाठची, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: नाशिकमध्ये बसून नवी औषधं शोधता येणार नाहीत. पण प्रत्येक गाठ तपासली गेली, वय, लिंग, नसबंदी, राहण्याची जागा लिहिली गेली, तर दहा वर्षांनी द्राक्षपट्ट्यातल्या कुत्र्यांत काय चाललंय हे तरी कळेल. निफाडकरांच्या प्रश्नाला आज कोणाकडेच स्थानिक उत्तर नाही, ते याचमुळे.

---

अबोली२ | शुक्रवार, दुपारी ४.१०

काचपट्टी, तुमचं वाचून आठवलं. टाटाला जाताना परळला चालत गेलं की प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय लागतं. महाविद्यालय १८८६ चं, टाटा १९४१ चं. दोन्ही चालत जायच्या अंतरावर. तिथेही मालक कुत्र्याला चादरीत गुंडाळून बसलेले असतात, आमच्यासारखेच फायली घेऊन. दोन्हीकडचे नमुने कधी एका टेबलावर येतात का?

---

पशुवैद्य_म्हसरूळ | शुक्रवार, रात्री ९.५०

ताई, मी परळलाच शिकलो. ओळखीपाळखीने, एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधापुरतं जाणं-येणं असायचं. ठरावीक व्यवस्था म्हणून माझ्या काळात तरी बघितली नाही. अंतराचा प्रश्न नाही. माणसांच्या डॉक्टरला पशुवैद्याकडे जावंसं वाटत नाही आणि पशुवैद्याला आपल्याला कोणी विचारेल असं वाटत नाही. हे लिहिलेलं काहींना झोंबेल, झोंबू दे.

---

सिडकोवाला | शनिवार, सकाळी ८.३०

यात आमची विद्यापीठंही येतात का? आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, पशुविज्ञानाचं नागपूरला. दोन वेगळी खाती, दोन वेगळे मंत्री. फाईल कोण हलवणार? काचपट्टींचा उपाय त्या मानाने स्वस्त आहे. मालकाने बरणी भरून द्यायची.

---

गोदाकाठची | रविवार, सायंकाळी ६.२०

सगळ्यांचे आभार. बायोप्सीचा अहवाल आला, ऑस्टिओसार्कोमाच. छाती तूर्त स्वच्छ आहे. घरात दोन दिवस वाद झाला. आई म्हणत होती त्याला त्रास देऊ नका. शेवटी पाय काढायचं ठरलं, किमोही करणार आहोत. किमोने त्याचे हाल झाले तर थांबायचं हेही ठरवून ठेवलंय. पायाचं हाड पूर्ण तपासायला पाठवा असं मी लिहून दिलंय. डॉक्टर जरा चमकले, मग हो म्हणाले.

पशुवैद्य, किमोत केस जातात का? उलट्या? घरात लहान भाची आहे, तिला जपावं लागेल का?

---

पशुवैद्य_म्हसरूळ | रविवार, रात्री १०.१५

चांगला निर्णय. केस: रॉटवायलरचे जात नाहीत, फार तर मिशा. पूडलसारखे सतत वाढणारे केस असलेल्यांचे जातात. माणसाला देतात त्या मानाने कुत्र्याला मात्रा कमी ठेवतात, कारण इथे उद्देश चांगले दिवस मिळवणं हा असतो. म्हणून बहुतेक कुत्रे एखादा दिवस मलूल होतात, एखादी उलटी, मग जेवायला उभे. आठवडा-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप आला, सुस्त पडला तर रात्र असली तरी फोन करा. दर वेळी आधी रक्त तपासूनच औषध.

भाचीला पहिले दोन-तीन दिवस त्याच्या लघवी-शीपासून लांब ठेवा, ती हातमोजे घालून उचला, चादरी वेगळ्या धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने अजिबात हात लावायचा नाही. बाकी लाड करायला हरकत नाही.

---

निफाडकर | सोमवार, सकाळी ७.४५

आमच्या कुत्रीच्या गाठी परवा काढल्या. पिंपळगावच्या डॉक्टरांना म्हटलं तपासायला पाठवायच्यात. ते म्हणाले बरणी आणा. घरी लोणच्याची रिकामी बरणी होती, काचेची. चालंल का? आणि अर्जात लिहायचं काय काय? जातीचा रकाना आहे, तिथं काय टाकू?

---

काचपट्टी | सोमवार, सकाळी ९.०५

बरणी चालेल, फक्त तोंड रुंद हवं आणि धुऊन कोरडी हवी. गाठ फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायचं द्रावण) बुडवायची, गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन. ते डॉक्टरांकडून किंवा लॅबमधून घ्या, दहा टक्क्यांचं. मोठी गाठ असेल तर डॉक्टरांना मधे चिरे द्यायला सांगा, नाहीतर औषध आत पोचत नाही आणि गाभा सडतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पेशी फुटतात. दोन गाठी असतील तर दोन बरण्या, कोणत्या बाजूचा कितवा सड ते वर चिकटवा.

अर्जात वय, किती वेळा व्याली, नसबंदी कधी, गाठ केव्हा दिसली. पाठीमागे कोरी जागा असते तिथे बागेत राहते आणि कोणत्या फवारण्या होतात ते लिहा, कोणी विचारलं नसलं तरी. जातीच्या रकान्यात 'गावठी' लिहा. 'इतर' लिहू नका. लॅबच्या यादीत लॅब्रॅडोरना स्वतःचा रकाना असतो आणि आपली कुत्री 'इतर'मध्ये जातात, मग मोजताच येत नाहीत.

---

निफाडकर | सोमवार, सकाळी ९.२०

लिहितो. फवारण्यांची वहीच आहे माझी, निर्यातीच्या मालासाठी ठेवावी लागते. झेरॉक्स जोडू का?

---

काचपट्टी | सोमवार, सकाळी ९.२२

जोडा! दोन प्रती काढा, एक मला पाठवा.